वरची खाली राहायला आली तेव्हा

शिगेकाकांच्या गाडीत पुढच्या सीटवर कोणी बसायचं नाही, हे आमच्या वस्तीत वसंत ऋतूपासून सगळ्यांना माहीत झालं होतं. सीट रिकामीच असायची, वर फक्त एक धुतलेला टॉवेल घडी करून ठेवलेला. आईला एकदा भर पावसात बंदरावरून घरी आणलं तेव्हाही तिला मागेच बसवलं, दोरांची वेटोळी आणि पाण्याचे कॅन यांच्या मधोमध. आई म्हणाली, "शिगेदादा, पुढे काय ठेवलंय एवढं?" तर ते म्हणाले, "ठेवलं नाहीये काही. बसलीये."

आईने घरी आल्यावर मला फोन केला, मी तेव्हा समुद्रापलीकडे कागोशिमाला कॉलेजात, आणि म्हणाली, "शिगेदादांकडे वरची राहायला आलीये." आणि आम्ही दोघी जरा हसलो आणि मग हसणं आपोआप थांबलं.

वरची म्हणजे डोंगराची जी आहे ती. तिचं खरं नाव आहे, पण ते घ्यायचं नसतं, म्हणून नुसतं वरची.

याकुशिमा, आमचं बेट, म्हणजे सगळा डोंगरच आहे, कडेला जी जेमतेम जागा उरली तिथे आम्ही राहतो. प्रत्येक वस्तीचा आपापला डोंगर. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, वस्तीतले पुरुष सकाळी समुद्राची ओली वाळू बांबूच्या नळीत भरतात, गळ्यात अडकवतात आणि वर नेतात. शिखराखालच्या कपारीत एवढंसं दगडी देऊळ आहे, तिथे ती ओततात आणि येताना शाकुनागेच्या फांद्या आणतात. जाड पानांचं झुडूप असतं ते, पान वरून चकचकीत आणि खालून तपकिरी, मऊ, मांजराच्या कानासारखं. मग त्या फांद्या घरोघरी देव्हाऱ्यात ठेवायच्या. एवढंच.

पण एक आहे. ज्याने फांदी आणली त्याला ती वेशीच्या आत नेता येत नाही. वेशीवर दगड आहे, त्याच्या अलीकडे थांबायचं. मागे राहिलेल्यांपैकी कोणीतरी पुढे यायचं आणि त्याच्या हातातून घ्यायची. आणि त्याने हाक मारायची नाही, बोलवायचं नाही, 'घे' म्हणायचं नाही. घेणाऱ्याला आपणहून वाटलं पाहिजे. कारण वरची त्याच्या मागोमाग उतरलेली असते. फांदी दुसऱ्याच्या हातात गेली की तिला कळतं, हा पोचला, याला माणसं आहेत, आणि ती परत फिरते. कोणीच घेतली नाही तर एकट्याला कसं सोडायचं म्हणून ती त्याच्या घरी येते, आणि मग राहतेच.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. वेशीवर अर्धी वस्ती उभी असायची, बायका तळलेले उडते मासे घेऊन, पुरुष रताळ्याची दारू घेऊन, पोरं नुसतीच पायात पायात. शिगेकाका वरून यायचे तेव्हा फांदी नेहमी त्यांची बायको, फुमिएकाकूच घ्यायच्या. ओढूनच घ्यायच्या म्हणे, आणि वर "किती उशीर, मासे गार झाले" असं ऐकवायच्या.

फुमिएकाकू मुलीच्या बाळंतपणाला कागोशिमाला गेल्या. नातू झाला, मग नातू रांगायला लागला, मग मुलीची नोकरी सुरू झाली, मग नातवाचे दात, आणि आता नातू शाळेत जातो. भांडण नाही, काही नाही. त्या गेल्या असं कोणी म्हणत नाही, त्या फक्त अजून आलेल्या नाहीत. दर रविवारी फोन येतो. काका फोनशेजारी आधीपासून बसलेले असतात आणि तीनदा वाजू देतात.

काका आधी जंगलखात्यात तोडणीला होते. मोठाले देवदार कापलेत त्यांनी, ट्रॉलीच्या रुळांवरून लाकडं खाली आणलीत. तोडणी बंद झाली तेव्हा ज्या झाडांवर करवत ठेवायची राहून गेली होती तीच झाडं दाखवायला माणसं नेऊ लागले. गाइड झाले. पण मोठे गट कधी घेतले नाहीत. एक माणूस, दोन माणसं, फार तर एक कुटुंब. म्हणायचे, "गटाला मी मेंढपाळ लागतो. एकट्या माणसाला मी माणूस लागतो."

तर या वसंतात काय झालं. वर जायला तरणे पुरुष कोणी उरले नव्हते, काका एकटेच गेले. आणि वेशीवर कोणी आलं नाही. मुद्दाम नाही हो. कियोमात्सुकाका, म्हणजे आमच्या वस्तीचे अध्यक्ष, त्यांचा गुडघा सुजला होता, त्यांना वाटलं बायका जातील. बायकांना वाटलं अध्यक्ष जातील. आईची हॉटेलातली पाळी वाढली, तिला वाटलं बाकीचे आहेतच. प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. शिगेकाका दगडाच्या अलीकडे फांद्या धरून उभे राहिले. समोर कियोमात्सुकाकांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, एवढं जवळ. हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. पण हाक मारायची नसते.

उन्हं गेल्यावर त्यांनी फांद्या दगडावर ठेवल्या आणि घरी आले. आणि दार लावताना जरा थांबले, मागून कोणी आत यायचं असलं की आपण दार धरून थांबतो ना, तसे. मग चहाचे दोन पेले काढले.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा त्या फांद्या दगडावर तशाच होत्या, वाळून तपकिरी झालेल्या. कोणी उचलल्या नव्हत्या. कोणी उचलणार तरी कसं.

वस्तीत थट्टा सुरू झालीच. कियोमात्सुकाका बंदरावर सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे शिगे, फुमिए आली तर काय सांगशील? दुसरी आणून ठेवली म्हणून?"

काका म्हणाले, "मी नाही आणली. तुम्ही पाठवलीत."

आणि मग उन्हाळाभर माकडांनी संत्र्यांच्या बागांची वाट लावली, हरणं पार शाळेच्या मैदानापर्यंत उतरली, ओढ्याने वळण बदललं आणि आईच्या रताळ्यांत पाणी शिरलं. कोणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच. ती खाली बसलीये, वर बघायला कोण आहे? काकांच्या मनात तर सगळ्यांत जास्त. आईला म्हणाले, "मला काय, मला बरंच आहे. संध्याकाळी चहाला कोणी असतं. पण तिला तिची कामं आहेत. असं घरात कोंडून ठेवणं बरं नाही." म्हणजे शरदात परत वर जायचं, सगळं नीट करायचं आणि यावेळी कोणीतरी फांदी घेतली पाहिजे. नाहीतर ती कायमची त्यांच्याकडे, आणि डोंगर रिकामा.

आणि नेमकं तेव्हाच वस्तीच्या बैठकीत ठरलं की यापुढे वर जाणं बंद. पुजारी किनाऱ्यावर येऊन प्रार्थना करेल, तेवढं पुरे. कियोमात्सुकाका म्हणाले, "शिगे, तुझंही वय झालं. घसरलास तर शोधायला कोण जाणार?" शिगेकाकांनी मान डोलावली. बैठकीत ते कधीच बोलत नाहीत. पण आता कोणाला सांगताही येईना. सांगितलं की ते बोलावणंच झालं.

त्यात शरदातल्या वर जायच्या दिवसाचंच एक बुकिंग आलं होतं. नागोयाच्या एक बाई, हागिनो, एकट्या. प्रसिद्ध झाड नको म्हणाल्या, गर्दी नसलेलं जंगल हवं. काकांनी कळवलं, त्या दिवशी मी एकाच वाटेने जाणार आहे, चालेल का? चालेल म्हणाल्या. दुपारचा डबा आईने केला, भाताचे मुटके, आत खारवलेला आंबट प्लम, आणि तळलेली माशाची वडी. म्हणून त्या दिवसाचं मला अर्धं आईकडून कळलं आणि उरलेलं काकांकडून, हिवाळ्यात, शेगडीपाशी, थोडं थोडं करून.

सकाळी काकांनी किनाऱ्यावरची वाळू भरून घेतली, घरी येऊन दार उघडलं आणि म्हणाले, "चल." आणि ती बाहेर येईपर्यंत दार धरून उभे राहिले. मग गाडी काढली.

हागिनोबाई लॉजच्या दारात उभ्या होत्या, पन्नाशीच्या, नवाकोरा रेनकोट, नवीन बूट, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. सवयीने पुढचं दार उघडायला गेल्या.

"मागे बसाल का जरा," काका म्हणाले.

"हो हो, सॉरी," म्हणाल्या आणि मागे बसल्या. रिकाम्या सीटकडे आणि टॉवेलकडे बघत राहिल्या. वाकून विचारलं, "आणखी कोणी येणार आहे का?"

"आलेलं आहे," काका म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

काकांना वाटलं होतं, एकटी येतेय, जंगल मागतेय, म्हणजे शांत बाई असेल. पण वाट सुरू झाल्यापासून त्या बोलतच होत्या. शेवाळाबद्दल बोलल्या, बुटांबद्दल बोलल्या, बोटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या सँडविचबद्दल बोलल्या. काका पुढे, त्या मागे, आणि काकांना वसंतापासून इतके शब्द एकदम ऐकायची सवय राहिली नव्हती.

"तुम्हाला त्रास होतोय का माझ्या बोलण्याचा?"

"नाही."

"ऑफिसमध्ये बोलायचंच काम आहे. आंघोळीचं पाणी तापवायची यंत्रं विकते आमची कंपनी. बिघडलं की लोक मला फोन करतात. थंड पाण्यात उभे राहून करतात हो, अंगाला साबण लावलेला असतो. मी दिवसभर सॉरी म्हणते. ज्यांचं तोंड कधी बघणार नाही अशा माणसांना."

"मग इथे तरी बोलू नका की."

"तिथे मी बोलते म्हणजे काय, वाचून दाखवते. हे माझं बोलणं आहे." मग जरा चालून म्हणाल्या, "एकदा गटाबरोबर गेले होते एका डोंगरावर. सगळे जोडीने. दिवसभर सगळ्यांचे फोटो मी काढले. घरी येऊन बघितलं तर माझा एकही नाही. म्हणून आता एकटीसाठी गाइड घेते. त्याला ऐकावंच लागतं."

काका हसले. म्हणाले मला, "खूप दिवसांनी हसलो, तर घशातून खोकल्यासारखं काहीतरी आलं."

जुन्या तोडणीच्या भागात आले. माणसापेक्षा उंच खुंट, तेही शेवाळाने झाकलेले, आणि प्रत्येक खुंटाच्या माथ्यावर नवीन देवदार उगवून मुळं खाली सोडलेली, जणू कोणी कोणाच्या खांद्यावर पाय सोडून बसलंय. धुकं झाडांमधून वर सरकत होतं. हागिनोबाईंनी विचारलं, "यातली तुम्ही कापलेली कुठली?"

काकांनी एका खुंटाला हात लावला. "हे. माझं लग्न झालं त्या वर्षी."

"वाईट वाटतं?"

"तेव्हा वाटलं नाही. तेव्हा घरी कोणीतरी वाट बघत होतं, लवकर उरकायचं होतं."

"आता नाही बघत?"

"बायको मुलीकडे असते."

"मग एकटेच असता."

"एकटा नाही," काका म्हणाले. "सध्या आहे कोणीतरी."

बाई जरा ओशाळल्या, सॉरी म्हणाल्या आणि चक्क गप्प बसल्या. पुढच्या ओढ्यात गुळगुळीत दगडावरून त्यांचा पाय सटकला आणि त्या बुडावर आपटल्या. काकांनी हात देऊन उठवलं आणि रागाने बाजूला बघून म्हणाले, "पाहुणी आहे. जरा दमानं घे."

"मला म्हणालात?"

"नाही."

"मग कोणाला?"

आता सांगणं भाग होतं. काकांनी वरचीबद्दल सांगितलं. वाळू दाखवली. ती बाई आहे आणि तिला दुसऱ्या बायका आवडत नाहीत, म्हणून बायका एका दगडापर्यंतच जातात, हेही सांगितलं. वेशीवरचं मात्र काही सांगितलं नाही. एक शब्द नाही.

"म्हणजे पुढच्या सीटवर…"

"हो."

हागिनोबाई पँटचा चिखल झटकत राहिल्या. काकांना वाटलं आता हसेल, किंवा घाबरेल आणि परत चला म्हणेल. त्या म्हणाल्या, "मग डबा तिच्यासाठीही आणलाय का?"

"ती खात नाही. चहा पिते."

"माझ्या घरी मासा आहे, काचेच्या भांड्यात," बाई म्हणाल्या. "तो माझं सगळं ऐकतो. पण चहा वगैरे नाही."

आणि पुढे निघाल्या.

बायकांचा दगड म्हणजे चांगला ओटा आहे, खालून आलेल्या बायका पूर्वी तिथूनच वर हात जोडायच्या. तिथे पोचेपर्यंत धुकं इतकं दाटलं की शेजारचं झाडही अर्धंच दिसत होतं. काकांनी सूप गरम करून दिलं, दोघांनी मुटके खाल्ले. आता अडचण अशी की गाइडने जंगलात आपला माणूस एकटा सोडायचा नसतो. हा त्यांचा नियम, आयुष्यभर पाळलेला. आणि बाईला या दगडाच्या वर न्यायचं नाही हा दुसरा, तोही आयुष्यभर पाळलेला.

"बायकांना वर का नेत नाहीत खरं?" बाईंनी विचारलं.

"माझी आई म्हणायची, वर जायला वेळ कुठे होता. पुरुष खाली यायच्या वेळेला स्वयंपाक तयार लागायचा."

"हे मला पटतं," बाई म्हणाल्या. "जा तुम्ही. मी बसते."

"शिट्टी घ्या. मी जाताना काठीने झाडांवर ठोकत जाईन. ऐकू येत राहील. ऐकू आलं नाही तर शिट्टी वाजवा, मी परत फिरेन."

"आणि देवीची वाळू?"

"ती थांबेल. तुमचे मी पैसे घेतलेत."

ते वर गेले. टक, टक, टक. चढ उभा आहे तो, मुळं धरून चढावं लागतं, पण ठोकायचं सोडलं नाही. देवळापाशी वाळू ओतली. आत काही नव्हतंच, ती तर शेजारीच उभी होती. "असं वाटलं," काका मला म्हणाले, "घरमालकालाच त्याचं रिकामं घर दाखवतोय." फांद्या तोडल्या, ओल्या दोरीने बांधल्या आणि ठोकत ठोकत खाली आले.

बाई तिथेच होत्या. अगदी तशाच, गुडघे जवळ घेऊन, शिट्टी ओठांना लावलेली. चेहरा ओला होता, धुक्याने असेल.

"वाजवायची वेळ आली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मध्ये एकदा आवाज अगदीच बारीक झाला. मग मी श्वास घेणं थांबवलं, म्हणजे ऐकू यायला लागलं." जरा वेळाने म्हणाल्या, "कोणाची अशी वाट बघून खूप वर्षं झाली."

दोघं उतरू लागले. खाली समुद्र दिसायला लागला, मग छपरं दिसली, मग ती वळणाची वाट, मग वेस. कोणी असेल का? कोणाच्या तरी लक्षात आलं असेल का की आज तो दिवस आहे? आई नव्हती, आईची पाळी होती. कियोमात्सुकाकांचा टीव्ही चालू होता. एका कुंपणावर कोणाची तरी चादर वाळत होती. वेशीच्या दगडावर वसंतातल्या फांद्यांच्या काटक्या तेवढ्या उरल्या होत्या.

काका दगडाच्या अलीकडे थांबले.

वाट रुंद झाली होती, हागिनोबाई बोलत बोलत शेजारून पुढे निघून गेल्या, बोटीची वेळ, लॉजवर ठेवलेली बॅग, असं काहीतरी. चार पावलांवर लक्षात आलं की मागे कोणी नाही. वळल्या. त्या आत, काका बाहेर, मध्ये दगड.

"काय झालं?"

काकांना काहीही म्हणता येत नव्हतं. घ्या म्हणता येत नव्हतं, का थांबलो सांगता येत नव्हतं. माणूस इतक्या जवळ असून मागता येत नाही, हे परत, तसंच. "नाडी सुटली," ते म्हणाले. नाडी खरंच सुटली होती, ते त्यांना नंतर दिसलं. पण दोन्ही हातांत फांद्या. खाली ठेवायच्या नाहीत. तसेच उभे राहिले.

हागिनोबाईंनी त्यांच्या बुटाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. परत आल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा इकडे. बांधा तुम्ही."

काकांनी फांद्या त्यांच्या हातात दिल्या. दिल्या म्हणजे, सुटल्याच. बाईंनी दोन्ही हातांनी धरल्या आणि सवयीने कमरेतून वाकल्या, आणि ऑफिसात दिवसभर सगळेच एकमेकांना म्हणतात ते म्हणाल्या, "दमून आलात."

वेशीवर नेमकं हेच म्हणायचं असतं. मासे हातात घेऊन उभ्या असलेल्या बायका हेच म्हणायच्या.

काका खाली बसले आणि खूप वेळ नाडी बांधत राहिले.

"पाठीवरून ओली पिशवी उतरावी तसं झालं," त्यांनी मला सांगितलं. "मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतं. पण धुकं वर चाललं होतं. एकदम, भराभरा. कोणीतरी घाईत असल्यासारखं."

बाई फांद्या परत द्यायला लागल्या तेव्हा काका म्हणाले, "आता मला घेता येत नाहीत." आणि तेव्हा मग सगळं सांगितलं, वसंतातलंसुद्धा. बाईंनी ऐकलं. सॉरी म्हणतील असं काकांना वाटलं, पण म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मला घरं दाखवा."

दोघं वस्तीतून फिरले. बहुतेक घरं बंद. बाई प्रत्येक दारापाशी थांबायच्या, "कोणाचं?" विचारायच्या, काका सांगायचे, हा ओसाकाला गेला, ही वारली, हा बोटीवर आहे, आणि बाई कडीत एक डहाळी खोचायच्या. आमच्या दारातही खोचली. कियोमात्सुकाकांचं दार वाजवलं तर ते लंगडत आले, ओळख ना पाळख, एक बाई रेनकोटमध्ये फांदी घेऊन उभी.

"ही कुठून आली?" त्यांनी काकांना विचारलं.

"वरून."

"फांदी नाही रे, बाई."

"नागोयाहून."

कियोमात्सुकाका फांदीकडे बघत राहिले. मग त्यांना आज कोणता दिवस आहे ते आठवलं असणार, कारण त्यांनी आत जाऊन टीव्ही बंद केला, परत आले आणि दोन्ही हातांनी डहाळी घेतली. "आम्ही बंद केलं होतं हे," एवढंच म्हणाले. नंतर आईला म्हणे ते म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी आलो असतो," आणि आई म्हणाली, "दादा, तेच तर."

शेवटी काकांच्या घरी. देव्हाऱ्यात बाईंनी स्वतः फांदी ठेवली. ओट्यावर दोन पेले पालथे घातलेले त्यांना दिसले. बोटीची वेळ झाली होती. बाहेर येऊन त्या गाडीचं मागचं दार उघडायला गेल्या.

"पुढे बसा," काका म्हणाले, आणि टॉवेल उचलला.

बंदरापर्यंतचा रस्ता लहान आहे. बाई पुढे बसून काचेतून डोंगराकडे बघत होत्या, तो आता पार माथ्यापर्यंत मोकळा दिसत होता. उतरताना म्हणाल्या, "एक फोटो काढाल माझा?" काकांनी काढला. डोंगर कापला गेला आणि बाईंचे बूट आले, असं काकाच सांगतात. एक डहाळी त्यांनी बरोबर नेली, माशाच्या भांड्याशेजारी ठेवते म्हणाल्या. पत्र पाठवते म्हणाल्या होत्या. नाही आलं. येत नाहीत गाइडना पत्रं, काकांना त्याचं काही नाही.

रविवारी फोन आला. काकांनी तीनदा वाजू दिला.

"गेला होतात वर?" फुमिएकाकूंनी विचारलं. त्यांना दिवस लक्षात होता.

"गेलो होतो."

"फांदी कोणी घेतली?"

"एका पाहुणीने."

"आपल्याकडची?"

"नाही. नागोयाची."

तिकडे नातू काहीतरी मागत होता, काकू त्याला थांब म्हणाल्या. "आणि वसंतात?"

"घेतली होती कोणीतरी," काका म्हणाले. मग म्हणाले, "ती गेली बरं का."

"कोण?"

"वरची. इथे होती ना इतके दिवस."

काकूंच्या कानावर ती थट्टा बहुतेक आली असणार, कारण त्यांनी कसली वरची असं विचारलं नाही. हसल्या. "तिलाही नाही करमलं तुमच्याकडे?"

"तिला वाटलं मला माणसं आहेत," काका म्हणाले.

काकू हसायच्या थांबल्या. तिकडे नातवाच्या कार्टूनचा आवाज येत राहिला. काकू म्हणाल्या, स्वेटर काढलात का माळ्यावरचे, थंडी पडेल आता. काका म्हणाले, काढले. नव्हते काढले.

फोन ठेवून त्यांनी चहाला पाणी ठेवलं. ओलं नव्हतं काही बाहेर, आभाळ स्वच्छ होतं, माकडं म्हणे त्या आठवड्यापासून बागांत उतरली नाहीत, ओढाही हळूहळू जुन्या वळणावर गेला. वस्तीला सगळं बरं झालं. काकांनी सवयीने दोन पेले काढले. एक परत ठेवला. मग दार लावायला गेले आणि जरा वेळ धरून उभे राहिले, आणि मग लावून घेतलं.